खिशात बघ

६ जानेवारी

दादा,

सोबतच्या पार्सलात ह्यांचा राखाडी कोट आहे. तूच शिवलेला, आमच्या लग्नातला. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला. ऑक्टोबरात हे गेल्यापासून तो दारामागच्या खुंटीवरच होता. संध्याकाळी धक्क्यावरची तिकिटांची खिडकी बंद करून घरी येते आणि दार लोटते, तेव्हा वाटतं मागे कुणीतरी उभं आहे. भीती वाटत नाही. उलट मीच दार जरा हळू लोटते, लागू नये म्हणून.

ह्यांची लाँच आता नवा माणूस चालवतो. बरा आहे. भोंगा मात्र फार वेळ वाजवतो.

आणखी काय लिहू? कोट जरा बघ. मग पाठव परत.

वहिनीला विचारलं म्हणून सांग.

भिंगरी


११ जानेवारी

भिंगरीस,

पार्सल पोचलं. हे आधी लिहितो, कारण तुला काळजी लागली असेल. मला तर लागलीच असती. सुतळीला एकच गाठ मारली होतीस. एवढ्या लांबच्या पार्सलाला एक गाठ? वाटेत सुटलं असतं म्हणजे? पुढच्या वेळी चार मार, आणि पत्ता आतसुद्धा टाक.

तू बघ म्हणालीस, मी लगेच बघितलं. एका गिऱ्हाइकाचं जाकीट अर्धं शिवून पडलंय, तो दोनदा येऊन ओरडून गेला. ओरडो. कोट दुकानातल्या पुतळ्याला घातला. त्याला डोकं नाही हे तुला ठाऊक आहे. पण पाठमोरा उभा केला, आणि बाहेर काचेवर धुकं होतं, तर अगदी मेहुणे धक्क्यावर उभे राहून पलीकडचा काठ दिसतो का बघतायत असं वाटलं. तुझी वहिनी चहा घेऊन आली ती दारातच थांबली. "अगंबाई," एवढंच म्हणाली आणि चहा तिनेच प्यायला.

आता काय काय केलं ते सांगतो. डावा खिसा आतून पार फाटलेला होता. चार बोटं जातील एवढं भोक. मला लाज वाटली गं. बहिणीच्या नवऱ्याला कोट शिवावा आणि त्याचा खिसा असा निघावा! मेहुणे बिचारे कधी बोलले नाहीत. त्या भोकातून पडलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या अस्तराला चिकटून बसल्या होत्या. अकरा निघाल्या. मुंग्या लागल्या असत्या, म्हणून फेकल्या. अस्तर नवं लावलं. खिसा जाड कापडाचा केला, दुहेरी टाका घातला. आता हत्ती ठेव त्यात. बटणं घट्ट केली, वाफेची इस्त्री फिरवली. नव्यासारखा झालाय.

जेवण वेळेवर कर. स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणाली होतीस, त्याचा वायसर बदलून घे, नाहीतर मी येऊन बदलतो. आणि रडत बसू नकोस. रडून डोळे जातात, आपल्या आईचे गेले.

मधे शाई पसरली आहे ती वाफेने. इस्त्री शेजारीच होती.

तुझा,
दादा


२० जानेवारी

दादा,

कोट आला. चार गाठी मोजल्या.

तू किती मेहनत घेतलीस ते टाक्याटाक्याला दिसतंय, म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले. रागावू नकोस. तुला एक गोष्ट सांगते.

आमचे हे कसे होते, तुला माहीत आहे. दिवसभरात बोललेले शब्द मोजायला दोन हातांची बोटं पुरायची. आपली आई गेली, त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी लाँचवर ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. धुकं इतकं की पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते कळेना. मी रडत होते. वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. निदान पाठीवर हात ठेवेल. हे आपले समोर बघतायत. काठ दिसत नसला की समोर बघावंच लागतं म्हणा. बऱ्याच वेळाने म्हणाले, "खिशात बघ."

मी हात घातला. खिसा रिकामा.

"नीट बघ."

तेव्हा भोक सापडलं. भोकातून हात अस्तरात, तिथून मागे, पार पाठीपर्यंत. गोळी बोटाला लागायची आणि निसटायची.

"लागली का?"

"नाही."

"जरा खाली."

पलीकडचा काठ येईपर्यंत मी गोळीच शोधत होते. सापडली तेव्हा नाक पुसत होते आणि हसत होते.

तेव्हापासून ती रीतच पडली. माझं कुणाशी भांडण झालं, पोटाचं ऑपरेशन झालं, मूल होणार नाही असं कळलं, तेव्हा तेव्हा हे म्हणायचे, "खिशात बघ." खिसा शिवायला मी दोनदा सुई काढली, तर कोट घेऊन बाहेर निघून गेले. इतकी वर्षं मी त्यांना म्हणत आले, अहो, काहीतरी बोला. आता वाटतं, ते बोलतच होते. 

मी तुला 'बघ' म्हटलं होतं, दादा. 'नीट कर' म्हटलं नव्हतं. मला वाटलं, तू खिशात हात घालशील, गोळी लागेल, आणि मला विचारशील, "भिंगरे, ही कसली गोळी गं?" मग मला हे सगळं कुणालातरी सांगता येईल. एवढंच हवं होतं.

आणखी एक. कोट मोठा झालाय. हसू नकोस, पण रात्री मी तो खुंटीवरून काढून मोठ्या उशीला घालून, बटणं लावून पलंगावर ठेवायची. तेव्हा उशीला घट्ट बसायचा. आता लोंबतो. उशी तीच आहे. तू काय केलंस?

भिंगरी


२५ जानेवारी

भिंगरीस,

मला काय माहीत त्या गोळ्यांचं? मी चौथी नापास माणूस. 'बघ' म्हणजे बघ. गिऱ्हाईक विजार टाकून 'जरा बघा' म्हणतं, ते काय तिच्याकडे टक लावून बसायला? तुझी वहिनी म्हणते, "तुम्हाला 'बघ' म्हटलं की कात्री सुचते." मी विचारलं, मग काय सुचायला हवं? तर म्हणाली, काहीच नाही. आता काहीच न सुचणं हे माणसाला कसं जमायचं, तूच सांग.

कोट मोठा वगैरे काही झालेला नाही. लोकर आहे ती. लोकर वाफेने सैल पडते. शिवाय उशीतला कापूस दबला असेल, पिंजून घे. तुला जेवणही जात नसेल, आपण बारीक झालो की सगळंच मोठं दिसतं.

सोबत पेपरमिंटचा डबा पाठवतोय. एकेक गोळी कागदात गुंडाळलेली आहे, मुंग्या लागणार नाहीत. वहिनी नको म्हणत होती, तरी पाठवला.

इकडे हवा खराब आहे. खोकला आहे, पण विशेष नाही. नळाचं काय झालं ते लिहिलं नाहीस.

तुझा,
दादा


२ फेब्रुवारी

दादा,

डबा मिळाला. झाकण लागतं, गोळ्या मोजता येतात. त्याचं मी काय करू?

उशी पिंजली नाही. कोटाचं नवं अस्तर उसवलं.

मी सात वर्षांची असताना तू मला पाटावर बसवून शिकवलं होतंस की कापडाला सुई लक्षात राहते. दोरा काढला तरी भोकांची ओळ राहते. मी उजेडासमोर कोट धरला. दोन्ही बगलांखालच्या शिवणींत जुन्या भोकांच्या ओळी आहेत, एकीच्या आत दुसरी. म्हणजे कुणीतरी हा कोट एकदा आत घेतला, मग आणखी एकदा आत घेतला. आणि आता कुणीतरी तो पुन्हा मूळ मापावर नेऊन ठेवलाय. उजव्या बाजूला कच्च्या टाक्याचा पिवळा दोरा राहिलाय, पाव बोटाएवढा. कच्च्या टाक्याला पिवळा दोरा कोण वापरतं ते मला विचारावं लागत नाही.

डॉक्टरांनी मला ऑक्टोबरात सांगितलं. त्यानंतर नऊ दिवस मिळाले. नऊ.

तुला कधीपासून माहीत होतं?

तेवढंच लिही. नळाचं, गाठींचं, डोळ्यांचं काही नको. ते लिहिणार असशील तर पत्रच पाठवू नकोस.

भिंगरी


१९ फेब्रुवारी

भिंगरीस,

गेल्या फेब्रुवारीपासून.

तू तेवढंच विचारलंस, म्हणून तेवढंच लिहून पाकीट चिकटवलं होतं. तुझ्या वहिनीने वाफ देऊन उघडलं. म्हणाली, "आता सगळं लिहा, नाहीतर मी लिहीन, आणि माझं अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं आहे." आज दहा दिवस लिहितोय आणि फाडतोय.

मेहुणे गेल्या फेब्रुवारीत इंजिनाचा कसलासा भाग घ्यायला इकडे आले होते, आठवतं? दुकानात आले. कोट काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दादा, जरा कोट बघा." बघ ना, त्यांनीही तेच म्हटलं.

मी म्हटलं, काय झालं कोटाला?

"सैल झालाय."

कोट कधी आपोआप सैल होत नाही. मी टेप लावली. लग्नात छाती बेचाळीस होती, मला तोंडपाठ आहे. टेपवर चाळीस आले. मी टेप काढून पुन्हा लावली. चाळीसच.

"मेहुणे, जेवता की नाही?"

"जेवतो."

"डॉक्टर?"

"बघतोय." मग म्हणाले, "तिला दिसायला लागलंय. कोट बसता करून द्या."

आता मी काय म्हणायला हवं होतं, सांग? मी मोठा भाऊ. त्यांना खुर्चीत बसवून विचारायला हवं होतं, काय होतंय, कुठे दुखतंय. तुला पत्र टाकायला हवं होतं. मी म्हटलं, "किती आत घेऊ?"

सप्टेंबरात परत आले. तेव्हा साडेसदतीस. माझ्या हातातून टेपचं टोक सुटत होतं, तर ते त्यांनी स्वतःच छातीवर धरून ठेवलं. जणू मी माप घेत नव्हतो, तेच मला देत होते. आकडा मी वहीत लिहिला नाही. लिहिला असता तर तो खरा झाला असता. 

मी शिवत होतो तेवढा वेळ ते स्टुलावर बसून होते. दोन तास. बाहेर पाऊस नाही, धुकं नाही, काही नाही, साधी दुपार. आम्ही एक शब्द बोललो नाही. तुला पटणार नाही, भिंगरे, पण उभ्या जन्मात मी कुणा माणसाशी एवढं बोललेलो नाही. उठताना त्यांनी कोट घातला, आरशात बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "छान बसला."

आणखी एक सांगायचं राहिलंय. मी खोटं बोललो. खिशाचं भोक मला तेव्हाच दिसलं होतं. शिवतो म्हणालो, तर त्यांनी माझा हात धरला. "ते असू द्या." का, ते सांगितलं नाही. मी विसरलो नव्हतो. पण तुझं पार्सल आलं तेव्हा वाटलं, बाकी सगळं हातातून गेलं, निदान खिसा तरी नीट करू.

आणि कोट मोठा का केला, तेही सांगतो. तू 'बघ' लिहिलंस आणि मला वाटलं, तुला कळलं. लगेच बघितलं हेही खोटं, दोन दिवस मी पार्सलाला हात लावला नव्हता. मग वाटलं, आपण कोट बेचाळीसवर नेऊन ठेवू. म्हणजे तुझ्याकडे ते जसे होते तसे परत जातील. पावलं पुसायला गेलेला चोर पुसलेल्या जागेवरूनच सापडतो.

कोट आत घेतला की शिवणीत जास्तीचं कापड उरतं. त्याला आम्ही माया म्हणतो. फार झाली की शिवण फुगते, म्हणून कापून टाकतात. मी दोन्ही वेळा ती कापली नाही. नुसती आत दुमडून ठेवली. म्हटलं, उन्हाळ्यात पुन्हा अंग धरतील, लागेल.

हे डाग वाफेचे नाहीत.

दादा


८ मार्च

भिंगरीस,

उत्तर नाही. माझं पत्र मिळालं ना? पोस्टमन मला बघून आता लांबूनच मान हलवतो. काल मी त्याची पिशवी बघायला मागितली, तर तो रागावला.

मला एक स्वप्न पडतं. मी धक्क्यावर उभा आहे आणि धुक्याला टेप लावतोय. टेप पुरत नाही. पलीकडून कुणीतरी दुसरं टोक धरलंय, त्याचा ताण कळतो, माणूस दिसत नाही. मी ओरडून विचारतो, किती भरलं? तर आवाज येतो, "छान बसला."

तुझ्या वहिनीला हे सांगितलं. मग भांडी पुसता पुसता म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा तुम्ही मला काय दिलंत आठवतं?" मला आठवत होतं. तीन दिवस बसून तिला गरम जाकीट शिवून दिलं होतं, आत रेशमी अस्तर. ती म्हणाली, "मापाला अगदी बरोबर होतं. मी ते एकदाही घातलं नाही. तुमच्या लक्षात आलं?"

नव्हतं आलं गं. अकरा वर्षं झाली.

तू म्हणशील तर मी येतो. नाही म्हणशील तर येत नाही. पण नुसती गप्प राहू नकोस. मेहुण्यांचं गप्प राहणं मला कळायचं, तुझं कळत नाही.

दादा


१४ मार्च

दादा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून मी ते डब्यात टाकलं, त्या गोळ्यांच्या. झाकण लावलं. मला तुम्हा दोघांचा इतका राग आला की सांगता येत नाही. दोन तास बसलात! त्यातलं एक मिनिटही माझ्यासाठी ठेवलं नाहीत. मी खिडकीतून तिकिटं देता देता मनात तुझ्याशी भांडायची. "दोन जाणारी, दोन येणारी" म्हणायच्या ऐवजी एका बाईला मी म्हटलं, "तुम्हा पुरुषांना काय वाटतं?" ती बिचारी नवऱ्याकडे बघायला लागली.

परवा कपाट आवरायला काढलं. ह्यांच्या विजारी निघाल्या. पाच. मी त्या मांडीवर घेऊन बसले आणि हाताला बटणं लागली.

दादा, ती बटणं मी सरकवली होती.

एकदा एप्रिलमध्ये. मग जूनमध्ये. मग ऑगस्टमध्ये. हे आंघोळीला गेले की मी पटकन सुई घेऊन बसायची. जुन्या जागेचा दोरा दातांनी काढायची, खूण राहू नये म्हणून. पट्ट्याला नवी भोकं पाडली, तर ती जुनी दिसावीत म्हणून तेल चोळलं. का? तर आपण अंगाने उतरत चाललोय हे त्यांच्या लक्षात येऊ नये. मी हे विसरले नव्हते. तुमच्यावर रागावणं सोपं होतं, म्हणून तिकडे बघत नव्हते.

म्हणजे मला कळू नये म्हणून ते कोट आत घ्यायला तुझ्याकडे येत होते. त्यांना कळू नये म्हणून मी बटणं सरकवत होते. आणि तुझं तुलाच कळू नये म्हणून तू आकडा लिहीत नव्हतास. एका माणसाला आपण तिघांनी मिळून आत घेतलं.

बायकांना बोलता येतं, रडता येतं, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायची. धक्क्यावर किती बायका माझ्या खिडकीत डोकं घालून घरचं सांगतात, मी ऐकते, हो गं म्हणते, त्या हलक्या होऊन लाँचमध्ये चढतात. आणि घरी माझ्याच माणसासमोर मी काय केलं? सुई घेतली. तुझीच बहीण शेवटी.

ये तू. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ये. संध्याकाळच्या फेरीला आपण लाँचमध्ये बसू, पलीकडे जाऊ आणि त्याच फेरीने परत येऊ. पण अटी आहेत. टेप आणायची नाही. कात्री, सुई, पाना काही आणायचं नाही. नळाकडे बघायचंसुद्धा नाही. मी बोलेन, तू ऐकायचं. उपाय सुचला तर गिळायचा. डोळे जातील म्हणायचं नाही.

येताना वहिनीला विचार, ते जाकीट अजून आहे का.

भिंगरी


१८ मार्च

भिंगरीस,

येतो. गाडीचं तिकीट काढलं. गाडी चुकली तर पुढची दोन तासांनी आहे, तीही चुकली तर काय करायचं ते विचारून ठेवलंय.

जाकीट आहे. ट्रंकेत तळाला आहे, वर कागद घातलाय. मी दाखव म्हटलं तर वहिनी म्हणाली, नंतर.

तुझ्या सगळ्या अटी मान्य. टेप गळ्यात नसली की मला थंडी वाजते, पण एक दिवस काढीन. फक्त एक विचारायचं आहे. तू बोलत असताना मी हातांचं काय करू? माझे हात रिकामे बसत नाहीत. पन्नास वर्षांत बसलेले नाहीत. काहीतरी चुरगाळत बसतील, लाँचचं काहीतरी उचकटतील. कृपा करून हे आधी कळव.

दादा


२२ मार्च

दादा,

खिशात घाल.

भिंगरी


४ एप्रिल

भिंगरीस,

सुखरूप पोचलो. गाडी वेळेवर होती. मीच एक तास आधी जाऊन बसलो होतो.

तू बोलत होतीस तेव्हा मला एकंदर सात उपाय सुचले. सातही गिळले. आठवा त्या लाँचवाल्याच्या भोंग्याचा होता, तो तर अगदी ओठांवर आला होता. सकाळी चूळ भरताना हात आपोआप तुझ्या नळाकडे गेला, तो मागे घेतला. थेंब पडत राहिला, टप, टप. दुसऱ्या दिवशी तो आवाज बरा वाटायला लागला. घरात कुणीतरी आहे असं वाटतं. म्हणून तू तो दुरुस्त करत नाहीस, हो ना? बघ, मी विचारलं. सांगितलं नाही, विचारलं.

नदीच्या मधोमध आलो तेव्हा अलीकडचा काठ गेला आणि पलीकडचा अजून आला नव्हता. सगळं कापसासारखं पांढरं. तू ऑपरेशनचं सांगत होतीस, मधेच थांबलीस. मला वाटलं, आता माझी पाळी, आता काहीतरी बोलावं लागणार. मी तुझ्याकडे बघितलं. सात वर्षांची असताना पाटावर बसून सुईत दोरा ओवायचीस तेव्हाचं तुझं तोंड मला दिसलं, तसंच ओठ मुडपलेलं. आणि तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस. टेप नव्हती म्हणून जागा होती. मी म्हटलं, माझं नाक गळतंय ते धुक्याने. तू म्हणालीस, "हो का?"

त्या दिवशी आपण दोघं किती वेळ बोललो नाही, ते मी मोजलं नाही.

आता खरी गोष्ट. काल दुकानात बसलो होतो. माझा काळा कोट अंगात होता. सवयीने डावा हात खिशात घातला, तर बोटं थेट आत गेली. मी दचकलो. माझा खिसा! माझ्या कोटाचा खिसा कधी फाटलेला नाही. उलटा करून बघितला. फाटलेला नाही, कापलेला आहे. दुपारी तुझ्याकडे माझा डोळा लागला तेव्हा केलंस ना हे? मला कात्री आणू दिली नाहीस आणि स्वतःची चालवलीस. कापलंयस मात्र वाईट, कडा सगळ्या दातऱ्या. मी तुला असं शिकवलं नव्हतं.

तुझी वहिनी समोरच होती. सुईत दोरा ओवून माझ्यापुढे धरला. म्हणाली, "घ्या. आता तुम्हाला झोप लागायची नाही."

मी सुई घेतली. टाचण्यांच्या उशीत खोचून ठेवली.

अस्तरात काहीतरी आहे. बोटाला लागतं आणि निसटतं. बराच वेळ मी शोधत होतो, सापडेना. ती माझ्याकडे बघत उभी होती. तिच्या हातावर ट्रंकेतलं जाकीट होतं. इस्त्रीला आणलं होतं की दाखवायला आणलं होतं, मला कळेना, आणि मी विचारायच्या आधीच तिचे डोळे भरून आले. आईचं नाव घेतलं नाही, काही नाही. अकरा वर्षांनी. मला एकदम तीन उपाय सुचले.

मी स्टूल ओढलं. ती बसली.

"खिशात बघ," म्हटलं.

तिने हात घातला.

"लागली का?"

"नाही."

"जरा खाली."

तुझा,
दादा